लाल उजेडाची चटई : नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका (मुळशी तालुका आवृत्ती)

ही मार्गदर्शिका कोणासाठी

ज्यांच्या घरात एक दुखरी कंबर, एक मोबाइल आणि हिंजवडीत नोकरी करणारा एक नातेवाईक आहे, त्यांच्यासाठी. मुळशी तालुक्यात या तिन्हींपैकी एकही नसलेलं घर आता शोधून सापडायचं नाही. कंबर भाताच्या लावणीत जाते. मोबाइल रात्री साडेअकराला उघडला जातो आणि त्यात एक नितळ कांतीची बाई लाल उजेडात डोळे मिटून पहुडलेली दिसते. तिच्याखाली खोडलेली किंमत, त्याखाली तिच्या निम्मी किंमत, आणि त्याखाली उलटं पळणारं घड्याळ : ऑफर संपायला चौदा मिनिटं. हिंजवडीचा नातेवाईक पुढचं सगळं करतो, कारण आईसाठी काहीतरी करायचं त्याच्या मनात फार दिवसांपासून असतं आणि सुट्टी मिळत नसते.

पहिली पायरी : चौदा मिनिटं थांबा. घड्याळ शून्यावर येऊन पुन्हा चौदावर जातं की नाही, ते बघा. गेलं, तर पुढच्या पायऱ्या सावकाश वाचायला हरकत नाही.

आधी जात ओळखा

एकाच नावाखाली दोन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात. पहिलीत रबरी कापडात शेकडो बारीक एलईडी ओवलेले असतात. काही ६६० नॅनोमीटरच्या आसपासचे, म्हणजे चांगले लालभडक. काही ८५० च्या आसपासचे, जे डोळ्याला जवळजवळ दिसतच नाहीत. दुसरीत दिवेच नसतात. तिच्यात तापणारी तार असते, वर हिरवट-काळ्या दगडांच्या चकत्या असतात आणि खोक्यावर ‘फार इन्फ्रारेड’ असं लिहिलेलं असतं. हे फार इन्फ्रारेड म्हणजे हजारो नॅनोमीटर लांबीच्या लहरी, अर्थात साधी ऊब. चूल ती सोडते, तापलेला पत्रा सोडतो, रवंथ करत बसलेली म्हैससुद्धा सोडते, आणि म्हैस वर दूधही देते.

दुसऱ्या जातीला वाईट म्हणायचं कारण नाही. शेकल्याने आखडलेल्या स्नायूला बरं वाटतं, हे आजीपासून फिजिओथेरपिस्टपर्यंत सगळ्यांना मान्य आहे. फक्त ते काम गरम पाण्याची पिशवी काही शे रुपयांत करते. तेव्हा दगडवाली चटई समोर आली, तर ‘ही शेकायची गादी आहे’ असं मोठ्याने तीनदा म्हणा आणि मग किंमत बघा.

कोरियन दगडी रोलरच्या पलंगांची मोफत केंद्रं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हा माल ओळखीचा वाटेल. तिथे सकाळी रांगा लागत, लोक महिनोन्‌महिने फुकट झोपून येत, आणि एक दिवस मुलाला फोन करून पलंगच मागवत. त्याआधी चुंबकाच्या गाद्यांची लाट येऊन गेली. तीत गादी घेतली की आणखी चार जणांना ती घ्यायला लावायची असे, त्यामुळे पाठ बरी झाली नाही तरी नाती मात्र चांगली ताणली जात.

इतिहास

हा भाग वगळला तरी चालेल. पण विकणारा वगळणार नाही, म्हणून तयारी असलेली बरी.

तो म्हणेल, ‘नोबेल पारितोषिक मिळालेलं विज्ञान आहे.’ खरं आहे. डेन्मार्कच्या नील्स फिनसेनना १९०३ साली त्वचेच्या क्षयावर प्रकाशाने उपचार केल्याबद्दल नोबेल मिळालं. पण तो उपचार तीव्र, एकवटलेल्या प्रकाशाच्या निळ्या-जांभळ्या आणि अतिनील भागाचा होता, लाल भागाचा नव्हता. लाल रंगावर फिनसेनचा वेगळा भरवसा होता. देवीच्या रुग्णाला लाल काचांच्या खोलीत ठेवलं तर वण पडत नाहीत, असं त्यांनी सुचवलं होतं. काही दवाखान्यांत तशा खोल्या झाल्याही. पुढे त्यातून काही निष्पन्न होत नाही असं दिसलं आणि त्या मोडल्या. नोबेल मिळालेल्या माणसाचा प्रत्येक लाल दिवा काही नोबेलचा होत नाही.

मग तो म्हणेल ‘नासा’. तेही अर्धं खरं. अंतराळात रोपं वाढवण्यासाठी नासाच्या मदतीने लाल एलईडीवर काम झालं, आणि नव्वदच्या दशकात विस्कॉन्सिनमधल्या डॉक्टरांनी तसेच दिवे जखमांवर वापरून पाहिले. तुमच्या दारात आलेली चटई मात्र अंतराळात गेलेली नसते. ती बहुधा शेन्झेनहून निघालेली असते.

ज्या माणसाचं नाव तो घेणार नाही, ते खरं महत्त्वाचं. बुडापेस्टचे डॉक्टर एंड्रे मेस्टर १९६७ च्या सुमारास उंदरांवर प्रयोग करत होते. लेझरने कॅन्सर होतो का, हे त्यांना बघायचं होतं. उंदरांच्या पाठीवरचे केस भादरले, कमी ताकदीचा लाल रुबी लेझर मारला. कॅन्सर झाला नाही, पण लेझर मारलेल्या उंदरांचे केस इतरांपेक्षा लवकर उगवले. या सगळ्या विद्येचं मूळ तिथे आहे. पेशीत ऊर्जा तयार करणारं एक प्रथिन लाल आणि त्याच्या पलीकडचा प्रकाश शोषतं, आणि त्यामुळे पेशीचं काम सुधारतं, असं त्यावरचं आजचं सर्वांत प्रचलित स्पष्टीकरण आहे. म्हणजे विद्येला बुड आहे. लोचा होतो तो बुडापासून चटईपर्यंतच्या प्रवासात.

आणि आणखी एक माणूस, खास आपल्याकडचा. दिनशा घडियाली, जन्म मुंबईचा, १८७३ चा. अमेरिकेत गेले आणि १९२० पासून ‘स्पेक्ट्रो-क्रोम’ नावाचं यंत्र विकू लागले. एक पेटी, आत मोठा दिवा, पुढे सरकवायच्या रंगीत काचा. कुठल्या रोगाला कुठला रंग, डोकं कुठल्या दिशेला ठेवायचं, कुठल्या वेळी बसायचं, सगळं ठरलेलं, आणि अंगावर कपडा ठेवायचा नाही. हजारो अमेरिकनांनी ती पेटी घेतली. शेवटी खटला झाला. तिथे आकडीचा आजार याच उजेडाने बरा झाला, असं सांगायला आलेल्या साक्षीदाराला साक्षीच्या पिंजऱ्यातच आकडी आली. १९४७ साली घडियालींना शिक्षा झाली आणि त्यांची पुस्तकं नष्ट करायचा हुकूम निघाला. मुंबईच्या माणसाने अमेरिकेला रंगीत उजेड विकला होता. आज मुळशीत तोच माल उलट्या दिशेने येतो, एवढाच फरक.

साहित्य

एक चटई (शेजाऱ्याची असल्यास उत्तम), एक मोजपट्टी, एक मोबाइल, टीव्हीचा रिमोट, भिंग किंवा तरुण डोळे, मागच्या बाजूला गणित करता येईल असं एक लग्नपत्रिकेचं पाकीट.

मुख्य कृती : अ‍ॅडॉप्टर उलटा करा

सगळी मार्गदर्शिका वाचायला वेळ नसेल, तर एवढाच भाग वाचा.

जाहिरातीत एक आकडा ठळक असतो : १०० मिलीवॅट प्रति चौरस सेंटिमीटर. हा उजेडाचा जोर. अंगाच्या नखाएवढ्या तुकड्यावर किती प्रकाश पडतो, ते यावरून कळतं. हा आकडा तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. चटईच्या वायरला मध्ये जो काळा ठोकळा असतो तो उलटा करा. त्याच्या पोटावर मुंग्यांच्या रांगेसारखी अक्षरं असतात. त्यात ‘आउटपुट’ शोधा. समजा लिहिलंय, १२ व्होल्ट, १० अँपिअर. गुणाकार करा : १२० वॅट. चटईत यापेक्षा जास्त वीज शिरणं शक्य नाही. आई जगदंबेच्या कृपेनेही नाही.

आता मोजपट्टी लावा. १७० सेंटिमीटर लांब, ६० रुंद. क्षेत्रफळ १०,२०० चौरस सेंटिमीटर. एकशे वीस वॅट एवढ्या क्षेत्रात वाटले, तर दर चौरस सेंटिमीटरला बारा मिलीवॅटसुद्धा येत नाहीत. तेही विजेचे. एलईडी सगळ्या विजेचा उजेड करत नाही, बरीच वीज उष्णतेत जाते. निम्म्या विजेचा उजेड झाला, तरी दिवा चांगला म्हणायचा. हाती राहिले पाच-सहा मिलीवॅट. बाकीचे चौऱ्याण्णव वाटेत ताम्हिणी घाटात पडले असावेत.

उलट बाजूने करून पाहा. जाहिरात खरी धरली, तर सबंध चटईतून हजाराच्या वर वॅटचा नुसता उजेड बाहेर पडायला हवा. त्यासाठी बोर्डातून किमान दोन हजार वॅट ओढावे लागतील. घरातला साधा सहा अँपिअरचा सॉकेट तेराशे-चौदाशे वॅटच्या वर झेपवत नाही. म्हणजे चटई गिझरच्या जाड पिनेवर लावावी लागेल, आणि तिच्यावर झोपणारा माणूस फार वेळ झोपून राहणार नाही.

मग शंभर आले कुठून? ते खोटेच असतील असं नाही. एका दिव्याच्या नाकाला मीटर टेकवला की असले आकडे येतात. शिवाय उन्हाचा जोर मोजायला बनवलेले स्वस्त मीटर लाल एलईडीपुढे धरले की आकडा फुगवून दाखवतात. कुठे मोजलं आणि कशाने मोजलं, हे दोन प्रश्न विकणाऱ्याला विचारा. उत्तर म्हणून लाल उजेडातल्या बाईचा आणखी एक फोटो आला, तर समजून घ्या.

आता खरी गंमत. जोराला वेळेने गुणलं की मात्रा निघते. पाच मिलीवॅट, वीस मिनिटं, म्हणजे बाराशे सेकंद. गुणाकार सहा हजार मिलीजूल, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सहा जूल. ही मात्रा अगदी टाकाऊ नाही. चाचण्यांमधल्या मात्रा काही जूलपासून दोन आकडी जूलपर्यंत असतात, त्यात ती बसते. जाहिरातीतले शंभर खरे असते, तर वीस मिनिटांत एकशे वीस जूल झाले असते. या उपचारात जास्त म्हणजे चांगलं असं नसतं. एका मर्यादेपुढे परिणाम ओसरतो, कधी उलटतोही. म्हणजे चटई बिचारी जेवढी आहे तेवढी सांगितली असती, तरी तिची बाजू बरी मांडता आली असती. तिला पैलवान म्हणून आखाड्यात उतरवलं, तिथे घोळ झाला.

जाता जाता : निरभ्र दुपारी अंगणात पडणारं ऊन साधारण शंभर मिलीवॅट प्रति चौरस सेंटिमीटरच असतं आणि त्यातली निम्म्याच्या आसपास ऊर्जा डोळ्याला न दिसणाऱ्या इन्फ्रारेडची असते. त्यात अतिनील किरणही असतात, त्यामुळे ऊन आणि चटई एकच असं म्हणता येणार नाही. पण मुळशीत या चटयांची विक्री जूनपासून का वाढावी, याचा अंदाज येतो. चार महिने ऊन दिसत नाही, अंथरुणं दमट, आणि नेमकी त्याच दिवसांत लावणी. गुडघाभर चिखलात वाकून आवणाच्या जुड्या सोडवत आंबेमोहोर लावलेली बाई संध्याकाळी घरी येते तेव्हा तिला उजेडाचा रंग कोणता, याच्याशी कर्तव्य नसतं. पाठ टेकायला काहीतरी ऊबदार मिळालं म्हणजे झालं.

दुखणं कोणतं, ते ठरवा

चटईच्या खोक्यावर पाठदुखी, सांधेदुखी, झोप, सुरकुत्या, मधुमेह, वजन, ‘डिटॉक्स’ असं सगळं एका ओळीत असतं. ती ओळ सुटी करून बघा.

सर्वांत भक्कम पुरावा अशा दुखण्याचा आहे, जे खोक्यावर नसतंच. डोक्या-मानेच्या कॅन्सरवर किरणोपचार घेताना तोंड आतून सोलवटतं, गिळता येत नाही. ठरावीक मापाचा लाल लेझर तोंडात दिल्याने हा त्रास कमी होतो. मणिपालच्या डॉक्टरांनी यावर केलेली मोठी चाचणी २०१२ साली प्रसिद्ध झाली, आणि आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत आता ही शिफारस आहे. टक्कल पडण्यावर लेझरच्या कंगव्याला अमेरिकेत २००७ मध्ये विक्रीची वाट मोकळी झाली. मेस्टरचे उंदीर तिथवर पोचले. मानदुखीवरच्या चाचण्यांचा एकत्रित आढावा २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. त्यात कमी ताकदीच्या लेझरने दुखणं काही प्रमाणात कमी झाल्याचं दिसलं. कंबरदुखीचा आढावा कॉक्रेनच्या लोकांनी २००८ मध्ये घेतला आणि ठाम काही म्हणण्याइतका पुरावा नाही, असं लिहून फाइल बंद केली.

यात चटई कुठेच नाही, हे लक्षात आलं असेल. ही सगळी कामं बहुतेक हातात धरायच्या लेझरची, नेमक्या जागेवर, नेमक्या मात्रेत, शिकलेल्या माणसाने केलेली. त्या पुराव्यावर संपूर्ण अंगाची चटई विकणं म्हणजे दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर कर्ज काढण्यातला प्रकार आहे. मधुमेह आणि वजनाबद्दल तर लिहायचीही गरज नाही. या दोन्हींवर इलाजाची जाहिरात करायला औषधं आणि जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धच्या १९५४ च्या कायद्याने मनाई आहे. त्या कायद्याच्या यादीत पन्नासहून जास्त दुखणी आहेत. खोका आणि यादी शेजारी ठेवून वाचली, तर एक संध्याकाळ बरी जाते.

प्रात्यक्षिक

स्थळ : पौडच्या पुढे, कोळवणच्या बाजूचं आमच्या आत्याचं घर. वेळ : आषाढातली संध्याकाळ. मुलाने पाठवलेला खोका ओटीवर उघडला. रबराचा असा वास सुटला की मांजर उठून परसात गेलं. चटई उलगडली, पण घडीच्या जागी तिला कुबडं आलेली, म्हणून चारी कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा, तांदळाचा डबा आणि नातवाची सायकल ठेवून ती सरळ केली. सुनेने बटण दाबलं. ओटी लालेलाल. समोरच्या घरातून हाक आली, “काय गं, देवीचा जागर हाय का आज?”

आत्याने आधी चटईवर धुतलेली चादर घातली. नवी वस्तू मळेल म्हणून. मग नऊवारीत त्यावर आडवी झाली. जरा वेळाने म्हणाली,

“आरं, उजेड खालनं येतोय. वर चादर, त्यावर माझं लुगडं. मग ह्यो उजेड लागतोय कुणाला?”

“आत्या, तू झोप ना. ऊब लागतेय ना?”

“ऊब लागतीय. ऊब गोधडीचीबी लागती.”

हा प्रश्न आत्याने काढला, तो कंपनीच्या प्रश्नोत्तरांत नव्हता. प्रकाश कातडीपर्यंत पोचला नाही, तर पुढचं सगळं थांबतं. जाड कापड त्याला अडवतं. कातडीतूनही लाल प्रकाश काही मिलिमीटरच आत जातो, इन्फ्रारेड त्याहून थोडा खोल. मणक्याच्या चकतीपर्यंत पोचायच्या गोष्टी जाहिरातीतच ठेवाव्यात. तेव्हा उघड्या पाठीने झोपायची तयारी नसेल, तर दिव्यांचे पैसे देऊ नयेत. आणि एकत्र कुटुंबात, ओटीवर, आषाढात, दार उघडं असताना कोण उघड्या पाठीने झोपणार आहे? हा मुद्दा शेन्झेनमध्ये कुणाच्या लक्षात आला नसावा.

नंतर नातवाने कॅमेऱ्याची चाचणी घेतली. ती तुम्हीही घ्या. आधी टीव्हीचा रिमोट मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबायचं. स्क्रीनवर जांभळट ठिपका लुकलुकला, तर तुमचा कॅमेरा इन्फ्रारेड पकडतो. मग तोच कॅमेरा चटईवर. एक लाल दिवा, एक न दिसणारा, असे दोन प्रकारचे निम्मे-निम्मे दिवे आहेत म्हणून जास्त पैसे घेतलेले असतात. न दिसणारे दिवे कॅमेऱ्यात उजळले पाहिजेत. न उजळणारे बहुधा शोभेचे. आत्याच्या चटईत एक अख्खी ओळ मेलेली निघाली. नातवाने तिचा व्हिडिओ काढून ठेवला, तो पुढे उपयोगी पडला.

मुळशीसाठी विशेष सूचना

ओल. पावसाळ्यात इथे चपलांना बुरशी येते, पापडाच्या डब्याला येते, लग्नाच्या अल्बमला येते. चटईला सोडेल असं समजू नका. गुंडाळून कपाटात ठेवली की शिवणीत पांढरी लव धरते. ती ओल्या फडक्याने पुसायची, फडकं पिळून, पीन काढून. ही पीन काढायची सूचना दोनदा वाचावी.

घडी. दर घडीला आतली पट्टी वाकते आणि एक दिवशी अर्धी चटई जाते. गुंडाळावी, घडी घालू नये. खोक्यात मात्र ती घडी घालूनच येते.

लाइट. मुळशीला उजेडाच्या व्यवहाराचा अनुभव जुना आहे. १९२१ साली सेनापती बापटांच्या पुढाकाराने इथल्या शेतकऱ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. धरण झालंच. भाताची खाचरं पाण्याखाली गेली, पाणी घाटाखाली भिऱ्याला उतरलं आणि वीज मुंबईला गेली. आजही पावसाच्या झडीत फांदी तारेवर पडली की गावात अंधार होतो. चटईचा खर्च तसा किरकोळ : १२० वॅट, वीस मिनिटं, म्हणजे युनिटचा पंचविसावा भाग. बिलाची काळजी नको. काळजी लाइट येताना जो दाब उसळतो त्याची. त्यात अ‍ॅडॉप्टर जातो आणि तसला दुसरा पौडच्या दुकानात मिळत नाही.

उंदीर. वायर. यापुढे लिहायला नको.

एक फायदा मात्र नोंदवायला हवा, कारण तो जाहिरातीतही नसतो. पांढऱ्या दिव्याभोवती पाऊसकिड्यांचा जो थवा जमतो तो लाल उजेडाकडे तितका ओढला जात नाही. आषाढात जेवायला बसताना ओटीवर हा उजेड बरा पडतो.

आधी डॉक्टरांना विचारा

इथे थट्टा बाजूला. मधुमेहात पायाची संवेदना गेलेली असेल, तर तापणाऱ्या कुठल्याही चटईवर पाय भाजतो आणि कळत नाही. हे धोक्याचं आहे, आणि असे पाय इथे घरोघर आहेत. प्रकाशाने अंगावर रिअ‍ॅक्शन येते अशी काही औषधं असतात. कॅन्सर झालेला असेल, गरोदरपण असेल, तर विचारल्याशिवाय झोपू नये. दिव्यांकडे डोळे रोखून बघू नये, लहान मुलांना बघू देऊ नये. आणि कंबर दुखताना पायाला मुंग्या येत असतील, पायातली ताकद जात असेल किंवा लघवीवरचा ताबा जात असेल, तर चटई नाही, गाडी काढायची.

कागद

खोक्यावर शिक्क्यांची जत्रा असते. ‘एफडीए रजिस्टर्ड’ म्हणजे कंपनीने अमेरिकेच्या यादीत आपलं नाव घातलंय. वस्तू कुणी तपासलीय असा त्याचा अर्थ होत नाही. दुखण्यावरचं उपकरण म्हणून विकलेली वस्तू आपल्याकडे २०२० पासून वैद्यकीय उपकरणांच्या नियमांखाली येते, तेव्हा लेबलवर परवान्याचा क्रमांक असायला हवा. तो विचारला की विकणारा सांगतो, ही उपचाराची वस्तू नाही, ‘वेलनेस’ची आहे. मग पाठदुखी बरी होते असं वर का लिहिलंय, विचारा. अ‍ॅडॉप्टरवर बीआयएसचं चिन्ह बघा. चटईने बरं वाटो न वाटो, घर पेटू नये.

घरगुती चाचणी

भिंतीवरच्या कालनिर्णयवर, दुधाच्या खाड्यांच्या शेजारी, रोज रात्री दुखण्याला शून्य ते दहा गुण लिहायचे. एक आठवडा काहीच न करता. एक आठवडा गरम पाण्याची पिशवी. एक आठवडा चटई. पहिला आठवडा टाळू नका. लावणी संपल्यावर धरलेली कंबर बऱ्याचदा काही आठवड्यांत आपोआप सुटते, आणि त्या काळात घरात जे काही नवं आलेलं असतं ते श्रेय घेऊन जातं. चटई, तेल, मांत्रिक, नवी सून, काहीही.

ज्यांना चोख चाचणी हवी, त्यांच्यासाठी : बऱ्याच चटयांत फक्त इन्फ्रारेड चालू ठेवायची सोय असते. तो उजेड जवळजवळ दिसत नाही. नातवाने रोज नाणं उडवून चटई चालू किंवा बंद ठेवायची आणि कुणाला सांगायचं नाही. आजीने गुण द्यायचे. महिन्याने दोन्ही रांगांची सरासरी काढायची. ऊब लागल्याने आजीला कळतं, ही यातली अडचण आहे. पण नातवाला सरासरी येते की नाही हेही यात कळतं, म्हणून वेळ वाया जात नाही.

मात्र वेळापत्रक सांभाळा. कंपनी म्हणते, गुण यायला आठ ते बारा आठवडे लागतात. परतीची मुदत दहा दिवसांची असते. हे दोन आकडे एकाच पानावर, पण फार लांब लांब छापलेले असतात. म्हणून अ‍ॅडॉप्टरचं गणित आणि कॅमेऱ्याची चाचणी पहिल्याच संध्याकाळी उरकायची. दिव्यांची मेलेली ओळ हे परतीचं भक्कम कारण असतं. ‘आईला उजेड लागत नाही’ हे नसतं.

परत पाठवताना

कंपनीने टाळाटाळ केली, तर ग्राहकांच्या हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या. ग्राहक पंचायत १९७४ साली पुण्यातच सुरू झाली, तेव्हा लाजायचं कारण नाही. पुण्याला ही सवय जुनी आहे. व्हिडिओ जोडा, अ‍ॅडॉप्टरच्या पोटाचा फोटो जोडा, गणिताचं पाकीट जोडू नका.

खोका टाकून द्यायचा नाही. आतला थर्माकोल, पिशवी, ‘आभारी आहोत’ असं लिहिलेलं कार्ड, सगळं जसंच्या तसं लागतं. डिलिव्हरीवाला पार वाडीच्या दारापर्यंत येतो, परत न्यायला मात्र पौडच्या पुढे ‘सेवा उपलब्ध नाही’ असं दाखवतं. तेव्हा खोका पिरंगुटच्या किंवा भूगावच्या एखाद्या नातेवाइकाच्या पत्त्यावर न्यावा लागेल. मोटरसायकलवर मागे बसणाऱ्याने तो आडवा धरावा, उभा धरला तर खिंडीत वारा लागतो. नेईपर्यंत मेणकापडात गुंडाळून माळ्यावर ठेवा, आणि माळ्यावर उंदराचा पिंजरा लावा.